मेंटेनर गप्प असेल तेव्हा पॅकेज कसं घ्यावं

"दादा, थो माणूस ई-मेलले उत्तरच देत नाही. मंग पॅकेज आपल्या नावावर कसं कराचं?" आर्वी-दारव्ह्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांकडून हा प्रश्न मला आता वरचेवर येतो. पोरं लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम शिकताहेत, जुन्या लॅपटॉपवर तिचा 'आर्च' हा प्रकार टाकताहेत, आणि अडलेलं काम स्वतः हाती घ्यायची त्यांची तयारी आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणून मला जे माहीत आहे ते इथे सविस्तर लिहितो.

आधी थोडी ओळख. लिनक्सवर प्रोग्राम 'पॅकेज'च्या रूपात बसवतात. आर्च लिनक्सची जी अधिकृत भांडारं आहेत, त्यांच्या बाहेर आर्च युझर रिपॉझिटरी, म्हणजे एयूआर, हे वापरकर्त्यांनी चालवलेलं भांडार आहे. तिथे तयार प्रोग्राम नसतो. तो कुठून उतरवायचा, कसा बांधायचा (म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम कसा तयार करायचा), कुठे ठेवायचा हे सांगणारी 'पीकेजीबिल्ड' नावाची फाइल असते. ती लिहिणारा आणि अद्ययावत ठेवणारा तो मेंटेनर. या कामाचा पगार नाही. माणसाची नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, मूल होतं, मेलचा पत्ता बंद पडतो. पॅकेज तसंच राहतं आणि वापरणारे अडकतात.

माझ्यापुरतं हे सुरू झालं ते काकांच्या कृषी केंद्रात. तिथल्या कॉम्प्युटरवर मीच लिनक्स टाकून दिलं होतं. बिलं काढायच्या छोट्या प्रिंटरचं ड्रायव्हर एयूआरमधून येत होतं. ऐन पेरणीत एका अपडेटनंतर ते बांधलंच जाईना. सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी आणि काका सांगताहेत, "लेका, बिल निंगत नाही, गिऱ्हाईक उभं हाय." त्या दिवशी बिलं हातानं लिहिली. रात्री फाइल उघडून पाहिली तर मूळ प्रोग्रामचा डाउनलोडचा पत्ता बदलला होता आणि ते ज्या दुसऱ्या पॅकेजवर अवलंबून होतं, त्याचं नाव जुनंच राहिलं होतं. पॅकेज कधीपासून 'जुनं' म्हणून खुणावलेलं होतं, खाली वापरकर्त्यांच्या तक्रारी होत्या, मेंटेनरचं उत्तर कुठेच नव्हतं. पॅकेजचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्या मेंटेनरनं अनेक वर्षं ते नीट सांभाळलं होतं, आणि त्याची ओळख 'गप्प बसलेला माणूस' एवढीच उरावी असं मला वाटत नाही.

इथे घाई करायची नसते. वावर पडीत दिसलं म्हणून आपल्याकडे कोणी त्यात वखर घालत नाही, आधी मालकाला विचारतो. दुरुस्ती करून, बांधून, चालवून पाहा आणि तो बदल पॅच (फक्त बदललेल्या ओळी) म्हणून पॅकेजच्या पानावर सगळ्यांसाठी ठेवा. मेंटेनरनं घेतला तर उत्तमच, नाही घेतला तरी अडलेल्यांची सोय होते. मग मेंटेनरला एक छोटा, सभ्य मेल लिहा: काय मोडलं आहे, दुरुस्ती कुठे ठेवली आहे, आणि हवं असेल तर सह-मेंटेनर म्हणून हात लावायला तयार आहे. एयूआरमध्ये सह-मेंटेनर जोडायची सोय आहे, आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. मूळ माणूसही राहतो, कामही चालतं. इंग्रजी साधं असलं तरी काही बिघडत नाही. मुद्दा स्पष्ट हवा.

उत्तर आलंच नाही तर पॅकेजच्या पानावरून 'ऑर्फन' विनंती करता येते, म्हणजे पॅकेज मालकाविना मोकळं करावं अशी मागणी. त्यात कारण लिहावं लागतं. "अपडेट नाही" एवढ्यानं भागत नाही. कधी, कसा संपर्क केला आणि दुरुस्ती कुठे आहे ते लिहा. मेंटेनरला उत्तर द्यायला दोन आठवडे मिळतात. त्यानंतरही तो गप्प असेल तर विनंती मान्य होते. पॅकेज १८० दिवसांहून जास्त काळ 'जुनं' म्हणून खुणावलेलं असेल, तर विनंती आपोआप मान्य होते. मोकळं झालेलं पॅकेज खातं असलेला कोणीही एका बटणावर दत्तक घेऊ शकतो.

आणि एका बटणावर घेता येतं, म्हणूनच मी एवढं बजावतो. जुलै २०१८ मध्ये 'ॲक्रोरीड' हे एयूआरमधलं बेवारस पॅकेज एका खात्यानं दत्तक घेतलं आणि त्यात बाहेरून स्क्रिप्ट उतरवून चालवणारी ओळ घातली. ती स्क्रिप्ट लोकांच्या कॉम्प्युटरची माहिती गोळा करत होती. लवकर लक्षात आलं म्हणून बदल काढून खातं बंद करता आलं. त्याच वर्षी एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातल्या 'इव्हेंट-स्ट्रीम' पॅकेजचंही तसंच झालं. थकलेल्या मूळ लेखकानं मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे ते सोपवलं आणि त्यातून बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड शिरला.

'एक्सझेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची गोष्ट तर प्रत्येक नवख्यानं समजून घ्यावी. लासे कॉलिन हे ते जवळजवळ एकटेच सांभाळत होते. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्यांच्यावर दबाव सुरू झाला: काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या. ज्याच्या हाती हळूहळू सूत्रं गेली, त्याच्याच काळात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा पुरवताना आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना तो सापडला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळला. आता विचार करा, "तुम्हाला जमत नसेल तर सोडा" असा मेल तुम्ही कोणाला पाठवलात, तर समोरच्याला तुमच्यात काय दिसेल? तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी भाषा तीच आहे. म्हणून दोन आठवड्यांची वाट मला कधीच अडथळा वाटली नाही. तुमचं पॅकेज उतरवणारा माणूस तुमचा कोड स्वतःच्या यंत्रावर चालवतो, आणि त्यातलं एखादं यंत्र कुठल्या तरी कृषी केंद्रातलं असतं.

पॅकेज हाती आल्यावर पहिल्याच दिवशी सगळं नव्यानं लिहू नका. फाइलच्या वर जुन्या मेंटेनरचं नाव असतं. ते पुसायचं नाही, 'कॉन्ट्रिब्यूटर' म्हणून खाली ठेवायचं आणि आपलं नाव 'मेंटेनर' म्हणून वर घालायचं. मूळ प्रोग्रामची आवृत्ती बदलली तर 'पीकेजीरेल', म्हणजे बांधणीचा क्रमांक, परत १ होतो. नुसती बांधणी सुधारली असेल तर तो एकानं वाढतो. पॅकेजच्या माहितीचा सारांश असलेली 'एसआरसीइन्फो' फाइल दर बदलाला नव्यानं काढावी लागते, नाहीतर संकेतस्थळावर जुनीच माहिती दिसत राहते. डाउनलोडचा पत्ता बदलत असाल, तर नवा पत्ता मूळ लेखकाचाच आहे का, हे त्याच्या स्वतःच्या सूचनेवरून ताडून पाहा. आणि आवृत्ती तीच असून चेकसम (फाइल तीच आहे का हे ताडायचा आकडा) बदललेला दिसला, तर नुसता नवा आकडा भरून पुढे जायचं नाही. तिथे थांबायचं आणि मूळ लेखकाला विचारायचं.

आपल्याकडून हे करताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. नेटवर्क अशक्त असलं तरी काम अडत नाही, कारण एयूआरवर एका पॅकेजचा रेपो (फायलींचा साठा) म्हणजे मजकुराच्या दोन-चार छोट्या फायली असतात. छतावर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून मी बदल चढवले आहेत. अडचण येते ती बांधणीची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी जुना लॅपटॉप तापून रेंगाळतो, आणि वीज गेली की अर्धवट बांधणी वाया जाते. मी पहाटे बांधतो. सुरुवातीला ब्राउझरसारखी तासन्‌तास बांधावी लागणारी पॅकेजं घेऊच नका. टर्मिनलमध्ये 'पॅकमन -क्यूएम' (pacman -Qm) ही आज्ञा चालवा, अधिकृत भांडारांबाहेरून आलेली तुमच्याकडची पॅकेजं दिसतील. त्यातलं एखादं बेवारस असेल, तर तिथूनच सुरुवात करा. जे आपण रोज वापरतो ते मोडलं की पहिलं आपल्यालाच कळतं.

एयूआरबाहेर इतर ठिकाणी नियम वेगळे आहेत. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात 'इंटेंट टू सॅल्व्हेज' (पॅकेज वाचवायचा इरादा) ही रीत आहे: पॅकेज खरंच दुर्लक्षित असल्याचं दाखवून बग नोंदवायचा, २१ दिवस थांबायचं, मग किमान ७ दिवसांनी लागू होईल असं रांगेत ठेवून अपलोड करायचं. नवख्यानं तिथे आधीच सोडून दिलेली पॅकेजं घ्यावीत, ते सोपं जातं, फक्त आपल्या वतीनं अपलोड करणारा डेबियनचा माणूस, म्हणजे प्रायोजक, शोधावा लागतो. पायथॉन भाषेच्या पायपीआय या भांडारात 'पेप ५४१' ही नियमावली लागू आहे. तिथे आपण संपर्काचे प्रयत्न केल्याचं आणि आपल्या फोर्कमध्ये (मूळ कोडच्या आपण काढलेल्या वेगळ्या प्रतीत) खरी सुधारणा केल्याचं दाखवावं लागतं. वेगळ्या नावानं फोर्क का चालणार नाही, हेही पटवावं लागतं. तिथले लोक स्वतःही मालकाशी किमान तीनदा संपर्काचा प्रयत्न करतात आणि सहा आठवड्यांनी थांबतात.

नोकरीसाठी उपयोग होतो का, हेही पोरं विचारतात. होतो. पुण्यातल्या माझ्या मुलाखतीत निम्मा वेळ मी हाती घेतलेल्या त्या प्रिंटरच्या पॅकेजच्या इतिहासावर गेला. कोड किती अवघड होता हे कोणी विचारलं नाही. तक्रारीला उत्तर कसं दिलं, एखादा बदल का नाकारला, हे विचारलं. हे सगळं जाहीर नोंदीत असतं, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजच्या पोरालाही ते दाखवता येतं.

परीक्षा, लग्नसराई, घरची वेचणी यात तुम्हालाही कधी वेळ मिळणार नाही. तेव्हा आधीच एखादा सह-मेंटेनर जोडून ठेवा. तेही जमत नसेल, तर काय अर्धवट आहे ते पॅकेजच्या पानावर लिहा आणि 'डिसओन' दाबून ते स्वतःहून मोकळं करा. जुना मेंटेनर परत आला तर त्यालाच आधी विचारा. माझा आला होता, वर्षभरानं. आता आम्ही दोघं मिळून ते पॅकेज सांभाळतो.