जुनी पेटी उघडताय? या चुका टाळा

नाथषष्ठीला आठ दिवस राहिले होते. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावातून दोघं जण मोटारसायकलवर आले, मधे सतरंजीत गुंडाळलेली भजनी मंडळाची पेटी, म्हणजे हार्मोनियम. "माउली, बेसूर झालीय. आमच्या पोरानं कानशीनं सूर जरा घासले, तर आणखीच बिघडली." उघडून बघतो तर उंदरानं पोटातल्या भात्याचा कोपरा कुरतडलेला. हवा पुरत नव्हती आणि पोरानं सगळा राग सुरांवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभांवर काढला होता.

मराठवाड्यात पियानो क्वचितच दिसेल, पण पेटी नाही असं देऊळ सापडणं अवघड. आणि जुन्या पेट्या बिघडण्यापेक्षा दुरुस्तीत जास्त मरतात, कारण सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते. आधी हवा बघा, मग पट्ट्या. सुरांना हात सगळ्यात शेवटी.

भाता न तपासता पुढे जाणे

१८४२ साली पॅरिसमध्ये दबें या वाद्यकारांनी पेटंट घेतलेलं हार्मोनियम पायानं भाता मारून वाजवायचं. आपण मांडी घालून बसणारी माणसं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी केली ती त्यासाठीच. तेव्हापासून सगळा भार मागच्या भात्याच्या सांध्यांवर आला, आणि झिजतातही आधी तेच.

सुरांकडे हवा सोडणारे सगळे खटके बंद करा, मागच्या भात्यानं हवा भरा आणि हात काढा. पोटातला, हवा साठवणारा भाता चार-पाच सेकंदांत बसला तर गळती आहे. ती शोधायला उदबत्ती पुरते. पंखा बंद करून धूर घड्यांच्या कडेनं, मग फळीच्या सांध्यावरून हळूहळू फिरवा. जिथे धूर एकदम बाजूला फेकला जातो, तिथे पेन्सिलीनं खूण. भाता मारताना तो हाताला उलटा ढकलत असेल, तर आतली कातडी झडप वाकलीय, पोटातली हवा मागे येतेय. ती झडप बदलली की निम्मी पेटी तिथेच बरी होते.

घड्यांवर रेक्झिन चिकटवू नका. दोन उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात. बकरीचं पातळ, मऊ कातडं घ्या. ते चिकटवायला सरस, आणि सरस थेट जाळावर उकळायचा नाही. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवायचा. पांढऱ्या गोंदानं काम लवकर होतं हे खरं, पण पुढच्या वेळी कातडं फाडूनच काढावं लागतं. सरस ओल्या गरम फडक्यानं सुटतो. आपल्यामागून ही पेटी उघडणाऱ्याचा एवढा विचार करावा माणसानं.

पावसाळ्यात पट्ट्या घासणे

जुलैत पट्ट्या अडकतात, कारण लाकूड फुगतं. लगेच पॉलिश पेपर घेऊ नका. पेटी कोरड्या खोलीत चार-पाच दिवस ठेवून बघा. आषाढात घासलेली पट्टी फाल्गुनात खडखडते. खोबरेल तेलाचा थेंब तर मुळीच नको, त्यात धूळ बसून चिकटा होतो. उलट मे महिन्यात पत्र्याच्या देवळात पेटी ठेवली की लाकडाला चिरा जातात. तिथे पट्ट्यांचा काही दोष नसतो.

पट्टी सोडली तरी सूर बोलत राहिला, तर पट्टीची कमान (स्प्रिंग) ढिली आहे किंवा पट्टीखाली हवेचं भोक बंद करणाऱ्या झाकणीच्या कातड्याखाली काहीतरी अडकलंय. आमच्याकडे ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा अक्षता नाहीतर बुक्का. पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीवर मागच्या बाजूला आकडा टाका. लक्षात राहील म्हणणाऱ्यांच्या पट्ट्या मी पोत्यात आलेल्या पाहिल्या आहेत.

सूर चिंचेनं चकचकीत करणे

ही चूक माझी स्वतःची. शिकायला लागलो तेव्हा आजीच्या पेटीचे सूर काळे पडले म्हणून देवाच्या तांब्यासारखे चिंच लावून घासले. लखलखले. पण चौकट आणि जीभ यांच्यात केसाएवढी फट असते, तिथे चिंचेचा राप बसला आणि अर्धे सूर मुके झाले. काळपटपणानं आवाजाला काही होत नाही, तो तसाच राहू द्या. कोरडा मऊ ब्रश पुरे.

मुका सूर म्हणजे मेलेला सूर असं नसतं. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून रिबिटाकडून, म्हणजे जीभ जडवलेल्या बाजूनं, टोकाकडे सरकवा, अडकलेला कण निघून येतो. सुईनं टोकरलं की जीभ वाकडी होऊन चौकटीला घासते.

इतकं सगळं करूनही सूर उतरलेला असेल तरच कानस. टोकाजवळ घासलं की सूर चढतो, रिबिटाजवळ घासलं की उतरतो. बरेच जण नेमकं उलटं करतात, मग पहिली चूक झाकायला दुसऱ्या टोकाला घासतात आणि जीभ मुळाशी तुटते. जिभेखाली ब्लेडचा आधार द्या, दोन-तीन हलके हात मारा, थांबा. बोटांच्या उबेनं पितळ किंचित उतरतं, ते गार झाल्यावरच ऐका. सुरांची फळी पेटीत बसवून, भाता एकसारखा मारत ऐका, कारण जोर वाढला की सूर थोडा खाली येतो. मोबाइलच्या ॲपवर नुसता काटा बघू नका. नराच्या, म्हणजे मधल्या सप्तकाच्या सुरांच्या, दोन ओळी एकत्र वाजवा. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरी ४४२ वर असेल, तर सेकंदाला दोन लाटा कानाला सरळ ऐकू येतात. लाटा संपल्या की सूर मिळाला.

षष्ठीच्या त्या पेटीचा भाता दीड दिवसात झाला. घासलेल्या तीन सुरांना मात्र इलाज नव्हता, जुन्या मोडक्या पेटीतले काढून बसवले. खराब झालेले तिन्ही कागदात बांधून, वर कोणत्या पट्टीचे ते लिहून, त्याच पेटीत कोपऱ्याला ठेवून दिलेत. आता पुन्हा कुणी कानस घेऊन झाकण उघडलं, तर आधी त्याच्या हाताला ती पुडी लागेल.