स्वस्त घडीचा चाकू कसा पारखावा

तीनशे ते हजार रुपयांच्या घडीच्या चाकूंबद्दल सर्रास दिला जाणारा सल्ला पोलादाच्या नावापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. या किमतीत पोलाद बेताचेच मिळते, आणि त्याची धार गेली तर निसण्यावर दहा मिनिटांत परत आणता येते. पण लॉक निसटून पाते बोटांवर मिटले, तर ते नुकसान भरून येत नाही. म्हणून पारख बिजागिरी आणि लॉक यांच्यापासूनच सुरू करावी.

प्रथम मिटलेला चाकू वरून पाहावा. पाते खाचेच्या मधोमध असावे आणि त्याचे टोक मुठीबाहेर कुठेही डोकावता कामा नये.

मग पाते उघडून चिमटीत धरावे आणि दोन्ही दिशांनी हलवून पाहावे. डावीकडे-उजवीकडे किंचित हालत असेल, तर बिजागिरीचा स्क्रू थोडा आवळल्याने ते बहुधा थांबते, मात्र स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर हा उपाय उरत नाही. वर-खाली हालणारे पाते कोणताही स्क्रू आवळून दुरुस्त होत नाही, कारण तो दोष लॉकच्या बैठकीतला, म्हणजे लॉक पात्याला जिथे टेकते त्या जागेतला असतो. असा चाकू तिथल्या तिथे परत करावा.

आता लॉक. स्वस्त चाकूंमध्ये बहुतेक वेळा पट्टीचे लॉक असते: मुठीच्या आतली धातूची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडामागे येऊन टेकते आणि पाते मिटू देत नाही. ही पट्टी बुडाच्या जाडीवर किती आत येते, यावर सारे अवलंबून असते, आणि नेमके हेच तपासण्यात मी अनेक वर्षे चूक करत होतो. दुकानात चाकू मनगटाच्या झटक्याने उघडून दाखवतात आणि आपणही तसाच उघडून पाहतो. त्या जोराने पट्टी खोलवर जाऊन बसते आणि लॉक भक्कम वाटते. प्रत्यक्ष कामाच्या वेळी मात्र आपण चाकू सावकाश उघडतो. एका ट्रेकवर बांबूला टोकाने भोक पाडताना माझ्या हातातला असाच सावकाश उघडलेला चाकू मिटला आणि तर्जनीला तीन टाके पडले. घरी येऊन पाहिले, तेव्हा सावकाश उघडल्यावर ती पट्टी बुडाच्या अगदी कडेवर, जेमतेम नखाच्या जाडीइतकी टेकत होती.

तेव्हापासून मी चाकू मुद्दाम हळूहळू, जणू कोणी झोपलेले जागे होऊ नये अशा बेताने उघडतो आणि मगच पट्टी पाहतो. ती बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागावर आलेली असावी. कडेवरच थांबली, तर चाकू नाकारावा. नवा असतानाच ती पलीकडच्या टोकाला जाऊन भिडत असेल, तर झिजेला जागाच उरलेली नाही, म्हणून तोही नाकारावा. चाकू घरी आणल्यावर बुडाच्या बैठकीला मार्करची शाई लावून तो दहा-बारा वेळा उघडमीट करावा: शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली, तर बैठक चांगली आहे, एका कोपऱ्यातच बारीक रेघ उमटली, तर सारा भार तेवढ्याच जागेवर येतो आणि ती लवकर झिजते.

यानंतर दाब द्यावा. मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरावी की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही. पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून दाब हळूहळू वाढवावा, आणि दाब कायम ठेवून मूठ किंचित पिळावी. या वेळी पट्टी केसभर जरी मागे सरकली, तरी तो चाकू कामाचा नाही. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासण्याचा जो सल्ला दिला जातो, तो कृपया मानू नये. आपटल्याने चांगले लॉकही उसळून सुटू शकते, बैठक खराब होते, आणि हळू दाबाखाली सरकणारे लॉक अशा धक्क्यातून बिनबोभाट पार पडू शकते.

ज्यांना ही सारी तपासणी नको असेल, त्यांनी फिरत्या कड्याचे लॉक असलेला चाकू घ्यावा: त्यात मुठीच्या तोंडाशी असलेले धातूचे कडे फिरवून पाते अडवले जाते. ओपिनेल या फ्रेंच चाकूला असे कडे १९५५ पासून आहे, आणि ते पुरते फिरले की नाही हे डोळ्यांनी दिसते. त्याची लाकडी मूठ मात्र कोकणातल्या पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडायला जड जाते, हे लक्षात ठेवावे.

पोलादाबद्दल थोडक्यात. पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ लिहिलेले असेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. चिनी चाकूंवर ३सीआर१३ किंवा ८सीआर१३एमओव्ही अशी नावे असतात. पहिल्यात कार्बन सुमारे ०.३ टक्के, दुसऱ्यात सुमारे ०.८ टक्के असतो, त्यामुळे दुसऱ्याची धार जास्त टिकायला हवी. पण पात्याला पाणी नीट दिले नसेल, म्हणजे ते तापवून थंड करत नीट कडक केले नसेल, तर नाव निरुपयोगी ठरते. वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला जाणे ही कारखान्यातल्या धारेची परीक्षा आहे, पोलादाची नाही. घरी खोक्याचा पुठ्ठा चार-पाच मीटर कापावा आणि मग धार दिव्याखाली, आपल्याकडे वळवून धरावी: शाबूत धार प्रकाश परतवत नाही, तर मऊ पात्याची धार दुमडून जागोजागी चमकते. स्वस्त पात्यावरची लाटांची नक्षी बहुधा वरवर उमटवलेली असते. तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

मूठ घट्ट आवळून पाहावी. टोचणारी कड कानसीने घालवता येते.

महिनाभर वापरल्यावर लॉकमध्ये साचलेला खिशातला कचरा साफ करून मार्करची चाचणी पुन्हा करावी, आणि पट्टी पहिल्यापेक्षा स्पष्टपणे पलीकडे सरकलेली दिसली, तर त्या चाकूने यापुढे टोक रोवण्याचे काम करू नये.