कोपराचा सांधा बदलण्यापूर्वी

आमवाताने झिजलेल्या कोपराचा सांधा बदलायचा विचार असेल, तर होकार देण्याआधी आपण रोज काय काय उचलतो ते एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहावे. कारण कृत्रिम कोपर बसल्यावर त्या हाताने एका वेळी साधारण ४ ते ५ किलो आणि वारंवार उचलायचे असल्यास सुमारे १ किलो, ही मर्यादा आयुष्यभर पाळावी लागते. ५ लिटर तेलाचा डबाच साडेचार किलोच्या आसपास भरतो, भरलेल्या बादलीचे तर नावच नको. तेव्हा पिठाचा डबा, कुकर आणि पाण्याची भांडी आधीच लहान करून ओट्याच्या उंचीवर आणावीत.

गुडघा किंवा खुबाही बदलायचा असेल, तर तो बहुधा आधी उरकतात, कारण कुबड्यांचा भार नव्या कोपराला सोसवत नाही.

औषधांची यादी संधिवाततज्ज्ञांना दाखवावी. बायॉलॉजिक इंजेक्शने (आमवातात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे) कधी थांबवायची ते त्यांनीच ठरवावे; स्टेरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. आमवातात मानेचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे भूलतज्ज्ञांनी पाहिला आहे ना, हे आपणहून विचारावे. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तशी नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावी. या बोटांची नस कोपराच्या सांध्याला अगदी खेटून जाते आणि नंतर नवे काय, जुने काय, हे कळेनासे होते.

कोपरावर मांसाचे आवरण जवळजवळ नसल्याने जंतुसंसर्गाचा धोका गुडघा-खुब्यापेक्षा अधिक असतो. किडलेला दात, लघवीची जळजळ, त्वचेवरची जखम, यांवर आधी उपचार घ्यावेत, मधुमेह आटोक्यात आणावा आणि तंबाखू किंवा मिश्री किमान महिनाभर आधी सोडावी. (मिश्री म्हणजे तंबाखूच, हे घरोघरी समजावून सांगावे लागते.)

काही आठवडे त्या हाताने रेटा देऊन उठता येणार नाही. त्यामुळे उंच खुर्ची आणि कमोडची सोय करून दुसऱ्या हाताने उठण्याचा, जेवण्याचा सराव आठवडाभर आधीपासून करावा. पुढून उघडणारे, सैल बाह्यांचे कपडे काढून ठेवावेत. सुजलेल्या सांध्यांवरून न निघणाऱ्या अंगठ्या आणि पाटल्या सोनाराकडून वेळेवर कापून घ्याव्यात. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साबण लावून ओढाताण करण्यात हाताची कातडी सोलते आणि तेवढ्यासाठीही तारीख पुढे जाऊ शकते.