पाच काळ्या पट्ट्या, पाच राग

गिरगावात माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्यांत हल्ली गिटारवाली पोरं बरीच. त्यांचा प्रश्न ठरलेला: "काकू, पेंटाटोनिक स्केल कशी बसवायची?" पाच सुरांची मांडणी ती. आपल्याकडे अशा रागांची जात औडव. व्याख्या राहू द्या, भाता हलवा.

पांढऱ्या पट्टीला बोट लावायचं नाही. काळ्या पट्ट्यांची जोडी म्हणजे काळी एक, दोन; तिच्या पुढच्या तिघी म्हणजे तीन, चार, पाच. काळी तीनला सा धरा आणि चढत जा: काळी तीन, चार, पाच, मग पुढच्या सप्तकातली एक आणि दोन. सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे सूर, गिटारवाल्यांचं मेजर पेंटाटोनिक. बोट कुठंही पडलं तरी खटकत नाही, कारण या पाचांत मधे एकही काळी-पांढरी पट्टी न सोडता लागून असे दोन सूर कुठंच नाहीत.

आता पट्ट्या त्याच ठेवा, सा हलवा. काळी एकचा सा केलात की दुर्गा. काळी दोनचा केलात की धानी, ग-नि कोमल, म्हणजे एक पट्टी खालचे; हेच मायनर पेंटाटोनिक. काळी चारवर मेघ. काळी पाचवर थेट मालकंस: ग, ध, नि कोमल आणि पंचम गायब. या युक्तीला मूर्च्छना म्हणतात.

पोरं अडतात ती इथेच. काळी पाचपासून सुरुवात केली म्हणजे मालकंस झाला, असं त्यांना वाटतं. मागे काळी तीनचा सूर चालू असेल तर कान भूपच ऐकणार! म्हणून आधी तानपुरा नव्या सा वर आणा. मोबाईलवरचा चालेल, चाळीत शेजारीही कुरकुरत नाहीत. मालकंसासाठी पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला हवी. मग नुसता सा लांबवा, म वर थांबा, परत सा. घाई नको.

सूर जमले म्हणजे राग जमला असंही नाही. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, त्याचा जीव गंधारात. देशकार सकाळचा, तो धैवतावर रमतो. एकदा ग वर विसावून सा वर या, एकदा वरच्या सा कडून ध वर येऊन थांबा. फरक कळेल.

हंसध्वनी मात्र काळ्यांत शोधू नका. तोही औडवच, पण त्यात शुद्ध नि सा ला चिकटून असतो. काळी एकचा सा धरलात तर ग पांढरी चार आणि नि पुढची पांढरी एक.