शिफ्ट-ऑल्ट-डाउनचा घोळ

हिंजवडीच्या ऑफिसात विंडोज, कोथरूडला घरी उबुंटू लिनक्स. कोड लिहायचा एडिटर दोन्हीकडे व्हीएस कोडच, म्हणून निर्धास्त होतो. एका रात्री घरी ओळ खाली कॉपी करायला शिफ्ट, ऑल्ट आणि खालचा बाण (शिफ्ट-ऑल्ट-डाउन) एकत्र तीनदा दाबले, तर कॉपी राहिली बाजूला, एकाखाली एक ४ कर्सर उभे! लक्षात येईपर्यंत चारही ओळींत कचरा टाइप झालेला.

विंडोजवर जो शॉर्टकट कॉपीचा, तोच लिनक्सवर जादा कर्सरचा. तिथे कॉपीला कंट्रोलही सोबत दाबायचा. एवढी बोटं आणायची कुठून?

कीबाइंडिंग्ज डॉट जेसन ही आपले शॉर्टकट लिहायची फाइल उघडली आणि शिफ्ट-ऑल्ट-डाउन थेट ‘कॉपी लाइन डाउन’ला बांधून टाकलं. जोडीला टर्मिनलसाठी (कमांड टाइप करायची खिडकी) एफ-९ घेतलं. सेटिंग्ज सगळ्या मशीनवर सारख्या ठेवणारं ‘सेटिंग्ज सिंक’ चालू होतं, तरी एफ-९ काही ऑफिसात पोचेना. शॉर्टकट मुळात प्रत्येक सिस्टिमचे वेगळे सिंक होतात! सेटिंग्जमधल्या ‘कीबाइंडिंग्ज पर प्लॅटफॉर्म’ची टिक काढली (आधी फाइलची कॉपी ठेवून, हे महत्त्वाचं), आणि पोचलं.

बायकोच्या मॅकवर मात्र फाइलीतल्या कंट्रोलची मॅकची कमांड की आपोआप होत नाही. तिथल्यापुरत्या ओळी वेगळ्या लिहून ‘व्हेन’ या अटीच्या जागी ‘इज-मॅक’ टाकलं.