नेपच्यून शोधताय? मग या चुका टाळा

शनीची कडी बघून झाली, गुरूचे चार चंद्र मोजून झाले, की नव्या दुर्बीणवाल्याला नेपच्यूनचे वेध लागतात. हौसेला माझी ना नाही. पण दरवर्षी पाऊस ओसरला की मला फोटो यायला लागतात. 'काका, नेपच्यून मिळाला!' फोटोत काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका. कशावरून नेपच्यून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'अ‍ॅपमध्ये तिथंच दाखवतोय.'

अ‍ॅप बरोबरच दाखवतं हो. तुमची दुर्बीण तिथं बघतेय का, हे कोण तपासणार?

गो-टूवर डोळे मिटून विश्वास

२०२५च्या नोव्हेंबरातली गोष्ट. अमावास्येच्या सुमारास मुरबाडच्या पुढे एका शेतावर आम्ही जमलो होतो. एका मुलानं नवीकोरी गो-टू दुर्बीण आणली होती, म्हणजे नाव निवडलं की मोटरनं आपोआप तिकडे वळणारी. घाई इतकी, की ट्रायपॉड सपाट आहे का हेही न बघता त्यानं एकाच ताऱ्यावर अलाइनमेंट (ओळखीचा तारा दाखवून दुर्बिणीला दिशा पटवणं) उरकली. कंट्रोलरनं मागितला फोमलहॉट. त्या वेळी दक्षिणेला ठसठशीत, एकटे दिसणारे तारे दोन होते: एक फोमलहॉट आणि दुसरा त्याच्या डावीकडे जरा वर डिफ्डा. पठ्ठ्यानं डिफ्डा मध्यावर आणला आणि एंटर दाबलं. मग नेपच्यून निवडला. मोटर घुर्र करत फिरली, थांबली, आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) एक निळसर ठिपका आला आणि मागे रांग लागली. 'केवढा निळा!' 'अंगावर काटा आला!' एक आजी तर हात जोडून गेल्या.

माझा नंबर आला तेव्हा मी आयपीसला डोळा लावायच्या आधी नळीकडे पाहिलं. त्या दिवसांत नेपच्यून शनीपासून चारेक अंशांवर होता, म्हणजे नळीचं तोंड शनीच्या जवळपास हवं. ते होतं जवळजवळ डोक्यावर, चांगलं पंधरा अंश भलतीकडे. 'शनीवर ने बघू,' म्हटलं. बटण दाबलं, मोटर हलली, आयपीसमध्ये शनीचा पत्ता नाही. पोराचा चेहरा खर्रकन उतरला. पण अलाइनमेंट पुन्हा करून त्यानं सगळ्यांना हाक मारली आणि 'मघाचा तो तारा होता' असं सरळ सांगून खरा नेपच्यून दाखवला, याचं मला कौतुक आहे. आजी मात्र तोवर झोपायला गेल्या होत्या.

माझी सवय सांगतो. गो-टू लागलं की पहिल्यांदा असं काहीतरी मागायचं, जे ओळखायला चूक होऊच शकत नाही. गुरू, शनी, कृत्तिका, काहीही. ते मध्यावर आलं तरच पुढे. अलाइनमेंटला दोन तारे घ्यायचे, एकमेकांपासून लांबचे. पाच मिनिटं जातात. ज्यांना तेवढीही द्यायची नसतात, त्यांनी नेपच्यूनच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खरं तर २०२६ला मोटरची गरजच नाही. उत्तराभाद्रपदेचे दोन तारे माहीत आहेत ना? वरच्यापासून खालच्यापर्यंतचं अंतर मनात धरा आणि तेवढंच पुन्हा दक्षिणेला टाका. त्या टोकापासून दोन-तीन अंशांत, किंचित पश्चिमेला नेपच्यून आहे. वसंत संपात बिंदूही (मार्चच्या विषुवदिनाला सूर्य असतो ती जागा) तिथंच शेजारी. अंधाऱ्या जागेवरून १०×५०चा साधा बायनॉक्युलरसुद्धा पुरतो.

ठिपका दिसला म्हणजे ग्रह दिसला

ही सगळ्यात जुनी चूक, आणि ती करणाऱ्यांत थोर मंडळी आहेत. गॅलिलिओनं १६१२च्या डिसेंबरात आणि १६१३च्या जानेवारीत गुरूजवळ नेपच्यून टिपला, तारा म्हणून. १७९५च्या मे महिन्यात पॅरिसला खगोलज्ञ लालांद यांच्या वेधांत तो दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा नोंदला गेला. जागा जुळेना, तेव्हा नोंदीतच चूक असेल म्हणून विषय संपला. केंब्रिजचे चॅलिस तर १८४६च्या ऑगस्टमध्ये मुद्दाम हाच ग्रह शोधत होते. ४ आणि १२ तारखेला तो त्यांच्या वहीत उतरलाही, पण दोन रात्रींच्या नोंदी वेळेवर एकमेकींशी ताडून पाहायच्या राहिल्या.

२३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनमध्ये काम झालं ते नकाशामुळे. फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी गणितानं काढलेली जागा कळवणारं पत्र त्याच दिवशी पोचलं होतं. दुर्बिणीला खगोलज्ञ गाले, हातात ताजा तारानकाशा घेऊन विद्यार्थी दारे. गाले एकेका ताऱ्याची जागा आणि तेज सांगत गेले, दारे 'आहे' म्हणत गेले, आणि मग एक तारा असा आला जो नकाशावर नव्हताच. भाकितापासून तो एक अंशाच्या आत होता.

तुम्हालाही तेच करायचंय. नेपच्यून ७.८ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तेज कमी), आणि त्याच्या आसपास तेवढ्याच तेजाचे तारे असतातच. चकती जेमतेम २.३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पन्नास पटीत तो ताऱ्यासारखाच दिसणार. दीडशे-दोनशे पट वाढवलं आणि हवा स्थिर असली तर तारा बिंदूच राहतो, नेपच्यून जरा फुगीर, शांत दिसतो. पण शोधायला सुरुवातच दोनशे पटीनं करू नका, क्षेत्र इतकं लहान होतं की आपण कुठं आहोत हेच कळत नाही.

मी वहीत पेन्सिलनं एक गोल काढतो, आयपीसमधले ठळक सहा-सात तारे त्यात मांडतो आणि मगच नकाशा उघडतो. आधी नकाशा बघितला की डोळा नकाशातलंच बघायला लागतो. चार-पाच दिवसांनी त्याच जागेचं पुन्हा चित्र. प्रतियुतीच्या, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या सुमारास नेपच्यून रोज साधारण दीड कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो, आठवड्यात चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. एवढं सरकणं चित्रात सहज कळतं. फक्त ही परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊ नका. तेव्हा तो स्तंभी असतो, ढिम्म हलत नाही, आणि मग लोक मला फोन करतात की हा ताराच निघाला.

उलटा नकाशा

'नकाशा जुळतच नाही काका,' ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न: डायगोनल (आयपीसआधी बसवायचा, प्रकाश वळवणारा आरसा) लावलाय का? लेन्सच्या दुर्बिणीला मागे नव्वद अंशांचा साधा डायगोनल असला की चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं होतं. असं चित्र छापील नकाशाशी कधीच जुळणार नाही, कागद कितीही फिरवा. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे डॉबसारख्या आरशाच्या दुर्बिणीत, ते उलटं होतं पण आरशातलं नसतं. कागद उलटा धरला की काम होतं. लोक हे दोन प्रकार एकच समजतात आणि तासभर मान मोडून घेतात. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आडवं पलटायची सोय आहे. निघायच्या आधी घरीच पलटून प्रिंट काढा आणि कोपऱ्यात 'डायगोनलसाठी' असं लिहा. शेतावर मोबाइलशी झटापट करू नका, त्याच्या उजेडानं डोळ्यांना सरावलेला अंधार जातो तो वेगळाच, आणि शेजारच्याच्या शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्या.

बाकीच्या किरकोळ

प्रतियुती सप्टेंबरच्या शेवटी, म्हणून सप्टेंबरातच बसायचा हट्ट. महाराष्ट्रात तेव्हा ढगच मोजाल. नेपच्यूनच्या तेजात महिन्या-दोन महिन्यांनी काहीच फरक पडत नाही. नोव्हेंबरात तो संध्याकाळनंतर सत्तर अंशांच्या आसपास चढलेला मिळतो. एवढी उंची युरोपातल्या लोकांना मिळत नाही, तिचा फायदा घ्या.

गडद निळा गोळा शोधणं. व्हॉयेजर-२ या यानानं १९८९ला पाठवलेले फोटो मुद्दाम रंग चढवून तयार केलेले होते. २०२४ला ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटानं दाखवलं की खरा रंग फिकट, हिरवट निळा, जवळजवळ युरेनससारखाच आहे. लहान दुर्बिणीत तोही फिका, राखाडीकडे झुकणारा दिसतो.

भविष्याच्या साइटवर 'नेपच्यून मेषेत' वाचून मेषेचे तारे धुंडाळणं. ते सायन गणित, म्हणजे राशी ताऱ्यांपासून नव्हे, वसंत संपातापासून मोजणारं. आकाशात तो मीनेतच आहे.

चतुर्दशी-पौर्णिमेला जाणं. यावर काय बोलू?

'काका, कडी दिसतायत' म्हणणं. इंग्लंडच्या लॅसेल या हौशी खगोलज्ञांनाही १८४६ला कडं दिसलं होतं, पण तो दुर्बिणीचा दोष निघाला. नेपच्यूनला कडी आहेत, पण ती तुमच्या-माझ्या दुर्बिणीची नाहीत. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटनही १३.५ प्रतीचा, तो याच लॅसेल यांना त्याच महिन्यात सापडला तो २४ इंची आरशातून. तुमच्याकडे निदान दहा इंच आरसा आणि खरोखर काळोखी जागा असेल तरच त्याच्या मागे लागा.