दोन टेबलांची रचना ताडून बघताना

टेस्टवरचं (चाचणीच्या सर्व्हरवरचं) ग्राहकांचं टेबल आणि लाइव्हवरचं (प्रत्यक्ष वापरातलं), दोन्ही मायएसक्यूएल या डेटाबेसमधली. ‘सेमच आहेत रे’ असं कोणी म्हणालं, तरी दोन्हीकडे टेबलाची रचना दाखवणारी ‘शो क्रिएट टेबल’ कमांड चालवून आउटपुट दोन फाइलींत ठेवा. त्याआधी आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत ते बघा. मी एकदा दोन्ही खिडक्यांत टेस्टच उघडलं होतं; फरक शून्य आला आणि खुशीत घरी गेलो.

मग कचरा काढा. ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) आकडा वेगळा असणारच, तो पुसा. एकीकडे मायएसक्यूएलचं ५.७ व्हर्जन आणि दुसरीकडे नवं ८.० असेल, तर पूर्णांकाच्या टाइपसाठी इथे इंट(११) आणि तिथे नुसतं इंट दिसेल. ८.०.१९ पासून तो कंस दाखवत नाहीत, साठवणीशी त्याचा संबंध नव्हताच. व्हारकॅरचा, म्हणजे मजकुराच्या टाइपचा, कंस मात्र खरा, त्याला हात लावू नका.

आता एकेक कॉलम घ्या: नाव, टाइप, नल (रिकामी किंमत) चालतं का, डिफॉल्ट काय. टाइपवर वेळ घालवा. आमच्याकडे मोबाइल नंबर टेस्टवर व्हारकॅर होता, लाइव्हवर इंट. इंटमध्ये २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही. ९८ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर बसणार कुठे? चुकीची किंमत नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे एरर नाही, आणि ओळीने सगळ्या ग्राहकांचा नंबर २१४७४८३६४७. वॉर्निंग आली होती म्हणे. वाचतो कोण!

कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं कशी साठवायची तो संच, बघा. जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये अक्षरामागे तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, म्हणून मराठी नावं टाकून टेस्ट केलं तर सगळं छान दिसतं. इमोजीला चार बाइट लागतात, तिथे अडतं. कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) वेगळं निघालं तर जॉइन करताना, म्हणजे दोन टेबलं जोडताना, ‘इल्लीगल मिक्स’ची एरर येऊ शकते.

कोणी ‘सिलेक्ट स्टार’ने, म्हणजे सगळे कॉलम एकदम उचलून, एका टेबलातून दुसऱ्यात डेटा ओतणार असेल तर कॉलमांचा क्रमही जुळवा. इन्सर्ट नावं बघत नाही, जागा बघतं. शहराच्या जागी आडनाव गेलं तरी दोन्ही व्हारकॅर, तक्रार कोण करणार? इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), युनिक (किंमत पुन्हा येऊ न देणारी अट), फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारी अट) यांवरून नजर फिरवा.

दोन्ही स्कीमा (डेटाबेस) एकाच सर्व्हरवर असतील तर इन्फर्मेशन स्कीमावर, म्हणजे टेबलांच्या रचनेची माहिती ठेवणाऱ्या टेबलांवर, क्वेरी लिहा, पण डिफॉल्टची तुलना <=> ने करा; साध्या = ला नल कळत नाही. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारा जॉइन) दोन्ही बाजूंनी लावा, नाहीतर फक्त लाइव्हवरच असलेला कॉलम निसटेल. रचना बदलणारं अल्टर लिहून झालं की आधी लाइव्हच्या कॉपीवर चालवा आणि पुन्हा ताडा.